सासऱ्यांची बंदूक, जावयाचं स्टेटस आणि मधली डेलावेअर नदी

मी न्यू जर्सीत इमिग्रेशनची कागदपत्रं तयार करणाऱ्या एका छोट्या कचेरीत काम करतो. वकील नाही. आमच्याकडे लोक एच-वन, ग्रीन कार्ड, आईवडिलांचा व्हिसा असल्या कामांसाठी येतात. २०१९ च्या डिसेंबरात एक ओळखीचं जोडपं आलं आणि खुर्चीत बसता बसता तिने विचारलं, "माझ्या वडिलांनी याला बंदूक दिलीय. घ्यावी का?" त्या एका प्रश्नाचं उत्तर पूर्ण व्हायला जवळजवळ चार वर्षं लागली. दोघांच्या परवानगीने ते इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं टाळली आहेत. कायद्याची कलमं त्या त्या वेळी होती तशी दिली आहेत.

पार्श्वभूमी

जावई सिंधुदुर्गातला. शिक्षण पुण्यात, नोकरी न्यू जर्सीत, स्टेटस, म्हणजे अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर दर्जा, एच-वन-बी, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाचा. बायको जन्माने अमेरिकन, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातल्या एका गावातली, आईवडिलांची एकुलती एक. लग्न २०१९ च्या वसंतात झालं. राहायला मध्य न्यू जर्सीत, एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये.

सासरे लाकडाच्या वखारीतून निवृत्त झालेले. त्यांच्या भागात हरणाच्या शिकारीचा हंगाम हा आपल्याकडच्या गणपतीसारखा असतो. गावाबाहेर गेलेला माणूस त्यासाठी घरी येतो आणि शाळांनाही सुट्टी असते. घरातली जुनी बंदूक म्हणजे बारा बोअरची पंप शॉटगन. ती त्यांच्या वडिलांनी १९५० च्या दशकात सिअर्सच्या दुकानातून घेतली होती. तेव्हा अमेरिकेत शिलाईयंत्र, सायकल आणि बंदूक एकाच कॅटलॉगात मिळायची. लाकडी दस्त्यावर वडिलांच्या हाताने झिजून गुळगुळीत झालेली जागा आहे. सासऱ्यांच्या लेखी ती बंदूक म्हणजे वडीलच.

जावयाच्या घरीही बंदूक होती. आजोबांकडे शेतीच्या संरक्षणासाठी परवाना असलेली ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी आणि माकडांना पळवण्यासाठी. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागल्यावर परत आणायची. लहानपणी गोणपाटात गुंडाळलेली ती बंदूक घेऊन तो आजोबांबरोबर एसटीने गेला होता. त्यामुळे त्याच्या डोक्यात बंदूक म्हटलं की परवाना, पावती आणि हवालदार हे तिन्ही आपोआप येतात. सासऱ्यांच्या डोक्यात यातलं एकही येत नाही. पुढचा सगळा घोळ या फरकातून झाला, म्हणून हे इतकं सांगितलं.

काय घडलं

२०१९ चा थँक्सगिव्हिंग २८ नोव्हेंबरला होता. पेनसिल्व्हेनियात रायफलने हरणाच्या शिकारीचा हंगाम पूर्वापार त्यानंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा. त्या वर्षी गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याने, पहिल्यांदाच तो शनिवारवर आणला होता आणि सासरे त्यावर जेवताना तासभर चिडून बोलत होते. जावई शनिवारी त्यांच्याबरोबर नारिंगी जाकीट घालून रानात गेला. हातात काही नव्हतं, नुसता बरोबर चालला. दिवसभर थंडीत गप्प बसून राहिला आणि एकदाही फोन काढला नाही. सासऱ्यांना हे फार भावलं असावं.

रविवारी निघताना मुलगी उरलेला टर्की आणि पंपकिन पाय गाडीच्या डिकीत ठेवायला गेली, तर तिथे आधीच लांब चामडी म्यान आडवं ठेवलेलं. त्यावर लाल रिबिनीची गाठ.

आपल्याकडे दिवाळसणाला जावयाला अंगठी घालतात, तसंच हे. सासऱ्यांनी त्याच भावनेने दिलं होतं. मुलीने म्यान उचलून परत स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, "डॅड, आधी विचारून घेऊ." सासरे म्हणाले, "घरातल्या घरात काय विचारायचं?"

ते अगदीच चूक बोलत नव्हते. पेनसिल्व्हेनियात लांब नळीची बंदूक, म्हणजे शॉटगन किंवा रायफल, एका रहिवाशाने दुसऱ्याला खासगीत दिली, तर राज्याच्या कायद्याने दुकानदार मध्ये लागत नाही. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मात्र विक्रेत्यामार्फत किंवा शेरीफमार्फत द्यावं लागतं, आणि त्यातूनही नवरा-बायको, आईवडील-मुलं, आजीआजोबा-नातवंडं यांना सूट आहे. सासऱ्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. फक्त त्यांनी ज्याला द्यायचं ठरवलं, तो डेलावेअर नदीपलीकडे, न्यू जर्सीत राहत होता.

अडचण एक नाही, तीन

पहिली अडचण फेडरल कायद्याची. १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट सांगतो की परवानाधारक विक्रेता नसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या, तशाच विनापरवाना माणसाला बंदूक थेट देऊ नये, आणि घेणाऱ्यानेही आपल्या राज्याबाहेर मिळवलेली बंदूक घरी आणू नये. विकली की भेट दिली याने फरक पडत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. नातेवाइकांना सूट नाही. बहुतेक लोक इथेच फसतात, कारण आपल्या राज्यातली कौटुंबिक सूट सगळीकडे चालते असं त्यांना वाटतं. या कायद्यामागे एक पार्सल आहे. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्यावर ज्या रायफलीने गोळ्या झाडल्या, ती शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली होती. म्हणून १९६८ चा कायदा सगळ्यात आधी राज्याची सीमा ओलांडणाऱ्या बंदुकीला परवानाधारक दुकानदाराच्या टेबलावर आणतो.

याला अपवाद दोनच. खेळासाठी किंवा शिकारीसाठी तात्पुरती उसनी देणं हा एक. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने येणं हा दुसरा. हे कळल्यावर सासरे म्हणाले, "म्हणजे मी मेलो की सोपं होईल." विनोदाने म्हणाले, पण मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर कायदा इथे जिवंत माणसापेक्षा मेलेल्या माणसाशी मवाळ वागतो, आणि त्याचं नीट कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

दुसरी अडचण न्यू जर्सीची. तिथे शॉटगन किंवा रायफल घ्यायची तर आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड, म्हणजे बंदूक खरेदीचं ओळखपत्र, हवं. हे कार्ड गावचे पोलीस चौकशी करून देतात. कार्डाशिवाय घराबाहेर शॉटगन बाळगताना माणूस सापडला तर तो थर्ड डिग्रीचा गुन्हा, तीन ते पाच वर्षांचा.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी होती आणि तिच्याकडे जोडप्याचं लक्षच नव्हतं. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. ही तरतूद १९९८ मध्ये आली. एच-वन-बी हा त्यातच येतो. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असला, तरी कार्ड हाती येईपर्यंत माणूस कायम रहिवासी होत नाही. या मनाईची शिक्षा तेव्हा दहा वर्षांपर्यंत होती, २०२२ च्या सुधारणेने पंधरा झाली. तुरुंगाचं सोडा. बंदुकीच्या गुन्ह्यात दोष सिद्ध झाला तर परदेशी नागरिक, ग्रीन कार्डवाला असला तरीही, देशाबाहेर काढण्यास पात्र ठरतो.

मी त्यांना एवढंच म्हणालो की ते म्यान डिकीतून परत घरात गेलं, हे या प्रकरणातलं सगळ्यांत चांगलं काम झालं आहे. यापुढचं वकिलाला विचारा.

समोर आलेले मार्ग

पुढच्या महिन्याभरात नातेवाइकांनी जे जे मार्ग सुचवले, त्यातले बरेचसे ऐकायला बिनचूक होते. अशा प्रकरणात खरा धोका त्यांचाच असतो.

मुलीला द्या, असं सासूबाई म्हणाल्या. ती नागरिक आहे, तिला मनाई नाही. हेही थेट देता आलं नसतं, कारण तीसुद्धा न्यू जर्सीचीच रहिवासी. पण तिने कार्ड काढून विक्रेत्यामार्फत घेतली असती तर ते कायदेशीर होतं. वकिलाने मग विचारलं, "घरात खोल्या किती?" एक बेडरूम. कपाट एक. मनाई असलेल्या माणसाच्या हाताला सहज लागेल अशा जागी बंदूक असली, तर ती त्याच्याही ताब्यात होती असं सरकार म्हणू शकतं. किल्ली फक्त बायकोकडे होती, हे पुढे सिद्ध कोण करणार? कागदावर सरळ असलेला हा मार्ग त्या घराच्या क्षेत्रफळामुळे बाद झाला. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे "कायदेशीर आहे का" आणि "आपल्या घरात सुरक्षित आहे का" हे प्रश्न वेगळे झाले.

शिकारीचा परवाना काढ, असं सासऱ्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. आश्चर्य म्हणजे हे खरं आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल, तर ती मनाई उठते. पण हा अपवाद परवान्याच्या मुदतीवर टांगलेला आहे. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो. १ जुलैला परवाना नाही आणि बंदूक मात्र घरात आहे, अशी स्थिती यायला एक विसरभोळा आठवडा पुरतो. शिवाय ग्रीन कार्डाचा अर्ज भरायचा होता. अशा वेळी अपवादावर उभं राहून बंदूक घ्यायची हौस कशाला, असं वकील म्हणाला. जावयाला हे लगेच पटलं, भावाला अजूनही पटलेलं नाही.

तिसरा मार्ग भावानेच सुचवला. मी नवी घेतो माझ्या नावावर, तू मला पैसे दे, मग बघू. यावर सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे आणि त्यातही काका, पुतण्या आणि पेनसिल्व्हेनिया आहे. ब्रूस अब्राम्स्की हा व्हर्जिनियातला माजी पोलीस. त्याने पेनसिल्व्हेनियातल्या काकासाठी सवलतीत ग्लॉक पिस्तूल घेतलं. काकाने आधी चारशे डॉलरचा चेक पाठवला होता. पिस्तूल नंतर पेनसिल्व्हेनियातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फतच काकाकडे गेलं आणि काकाला कोणतीही मनाई नव्हती. तरी खरेदीच्या वेळी भरायच्या फॉर्म ४४७३ वर "खरा खरेदीदार मीच" असं लिहिणं खोटं ठरलं. २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम झाली. स्वतःच्या पैशाने खरी भेट घेणं वेगळं. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेऊन आपलं नाव लावणं वेगळं. तिथे तर काकाला मनाई नव्हती, आपल्या जावयाला होती.

संग्राहकाच्या परवान्याचाही विचार झाला. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी फेडरल परवाना मिळतो, तीन वर्षांचे तीस डॉलर. तो असला की अशी जुनी बंदूक दुसऱ्या राज्यातून थेट घेता येते. पण एका बंदुकीसाठी नोंदवही ठेवायची, आणि न्यू जर्सीचं कार्ड तरीही काढायचंच. हे पाच मिनिटांत बाजूला पडलं.

शेवटचा मार्ग म्हणजे थांबणं. बंदूक तिथेच राहील, आहे त्याच कोपऱ्यात. ग्रीन कार्ड आल्यावर बघू.

थांबण्याचा निर्णय, आणि तो कसा सांगितला गेला

थांबायचं ठरवणं सोपं होतं, सांगणं अवघड. आणि इथे चूक झाली.

मुलीने वडिलांना फोनवर सांगितलं, "तो घेऊ शकत नाही." बस. सासऱ्यांनी ते "त्याला नको आहे" असं ऐकलं. इमिग्रेशन, व्हिसा, स्टेटस हे शब्द त्यांच्या आयुष्यात कधी आलेच नव्हते. जावई दहा वर्षं कर भरतो, त्याच्याकडे लायसन्स आहे, घर आहे, मग त्याला काय कमी? नंतरचं वर्षभर त्यांनी विषय काढला नाही. त्यात २०२० चा मार्च आला, इमिग्रेशनच्या कचेऱ्या बंद पडल्या, येणं-जाणंही थांबलं. अबोला करोनामुळे आहे की बंदुकीमुळे, हे कुणालाच कळेना.

तो सुटला २०२१ च्या उन्हाळ्यात, आणि कायद्याच्या स्पष्टीकरणाने सुटला नाही. अंगणात बसलेले असताना जावयाने आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट सांगितली. एसटी, गोणपाट, पावती सगळं. सासऱ्यांनी विचारलं, "मग ती आता कुठे आहे?" तो म्हणाला, आजोबा गेल्यावर कुणी परवाना आपल्या नावावर करून घेतला नाही, मुदतीत अर्ज गेला नाही, शेवटी बंदूक ठाण्यात जमा झाली. भारतात परवाना माणसाच्या नावावर असतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक गेल्यावर वारस अर्ज करू शकतो, किंवा तो हयात असतानाही, त्याचं वय सत्तर झालं वा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली तर. पण अर्ज कुणीतरी करावा लागतो. "आमची कागदांमुळे गेली," जावई म्हणाला, "तुमची तशी जायला नको."

त्यानंतर सासरे दर महिन्याला विचारू लागले, कार्ड आलं का?

प्रत्यक्ष कार्यवाही

ग्रीन कार्ड २०२२ च्या सुरुवातीला आलं. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली असल्याने ते सशर्त नव्हतं, थेट दहा वर्षांचं. मनाई उठली. तरी घाई केली नाही. आधी घर घेतलं, सामान हललं आणि २०२३ मध्ये गावच्या पोलिसांकडे बंदूक खरेदीच्या कार्डाचा अर्ज केला.

मधल्या काळात न्यू जर्सीने २०२२ मध्ये नियम कडक केले होते. फी पन्नास डॉलर झाली आणि सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. अर्ज ऑनलाइन होता. बोटांचे ठसे दिले, मानसिक आरोग्याच्या नोंदी पाहायला संमती दिली, आणि दोन माणसांची नावं दिली, जी याच्याबद्दल सांगू शकतील. एक शेजारी. दुसरे महाराष्ट्र मंडळातले एक काका. त्यांना याने आधी काहीच सांगितलं नव्हतं. सकाळी पोलिसांकडून ईमेल आला की अमुक माणसाला बंदूक द्यावी का, तो दारू पितो का, त्याच्या मनःस्थितीबद्दल काही माहीत आहे का. काकांनी मेल फसवणुकीचा समजून उडवला आणि त्याच्या बायकोला फोन करून हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यात तीन आठवडे गेले. कायद्यात तीस दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात सव्वादोन महिने लागले.

कार्ड आल्यावर प्रश्न होता बंदूक नदी कशी ओलांडणार. सासऱ्यांनी स्वतःच्या गाडीने आणून न्यू जर्सीच्या दुकानात द्यावी, हे सुचलं आणि लगेच सोडून दिलं. त्यांच्याकडे न्यू जर्सीचं कार्ड नाही, वाटेत थांबवलं तर समजावत बसावं लागणार. दोन्ही टोकांना बाळगणं कायदेशीर असेल तरच फेडरल कायदा वाटेतल्या प्रवासाला संरक्षण देतो.

लांब नळीच्या बंदुकीला आणखी एक सोय आहे. दोन्ही राज्यांचे कायदे पाळले, तर एका राज्यातला विक्रेता दुसऱ्या राज्याच्या रहिवाशाला ती समोरासमोर देऊ शकतो. म्हणजे जावयाने पेनसिल्व्हेनियातल्या दुकानात जाऊन तिथेच घेतली असती तरी चाललं असतं. पिस्तुलाला ही सोय नाही. पण त्या गावातला दुकानदार म्हणाला, न्यू जर्सीचे कागद मी वर्षातून एकदा हाताळतो, चूक झाली तर तुझ्या नावावर राहील. हा प्रामाणिकपणा मला आवडला. शेवटी ठरलं ते असं की सासऱ्यांनी बंदूक त्या दुकानात द्यायची, त्याने आपल्या वहीत नोंद करून न्यू जर्सीतल्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवायची, आणि जावयाने तिथे फॉर्म भरून घ्यायची. कायद्याने सासऱ्यांना शॉटगन टपालाने थेट न्यू जर्सीच्या दुकानदाराकडे पाठवता आली असती. यूपीएस आणि फेडेक्स २०२२ पासून सामान्य माणसाकडून बंदूक घेत नाहीत, पण टपाल खातं शॉटगन घेत होतं. दोघांनीही दुकानदार-ते-दुकानदार हेच निवडलं. दोन्हीकडचे शुल्क आणि पाठवणी मिळून दीडशे डॉलरच्या आत भागलं.

मग पेनसिल्व्हेनियाचा दुकानदार नोंद करायला बसला आणि म्हणाला, "हिच्यावर नंबरच नाही."

सगळ्यांच्या पोटात गोळा आला. नंबर खरवडलेली बंदूक बाळगणं हा गंभीर गुन्हा. पण १९६८ पूर्वी साध्या शॉटगनवर आणि .२२ रायफलींवर अनुक्रमांक घालणं कायद्याने बंधनकारक नव्हतं, आणि दुकानांच्या स्वस्त मालावर तो अनेकदा नसायचाच. प्रश्न होता, नव्हताच की काढला? न्यू जर्सीच्या दुकानदाराने फोटो मागवले. धातूवर घासल्याची खूण नव्हती, दुकानाचा छाप आणि मॉडेल क्रमांक मूळचे होते. वहीत "अनुक्रमांक नाही" अशी नोंद करून पुढे जायला तो तयार झाला. सासऱ्यांनी स्वतःहून एक पानभर लिहून दिलं: ही माझ्या वडिलांची, अमुक दशकात घेतलेली, मी माझ्या जावयाला भेट देतो आहे, पैसे घेतलेले नाहीत. कायद्याने याची गरज नव्हती. मला विचाराल तर सगळ्या फाइलमधला सर्वांत कामाचा कागद तोच.

काउंटरवरची वीस मिनिटं

ऑक्टोबर २०२३. जावई दुकानात गेला. पहिल्याच दिवशी परत आला, कारण ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता होता. ऑनलाइन बदल केला होता, नवं प्लास्टिक मागवलं नव्हतं. फॉर्म ४४७३ साठी सध्याचा पत्ता दाखवणारा सरकारी कागद हवा. दुसऱ्या दिवशी नव्या पत्त्याचं गाडीचं रजिस्ट्रेशन सोबत नेलं.

फॉर्म संगणकावर होता. दुकानातला मुलगा विचारायचा आणि भरायचा. सही करण्याआधी जावयाने पान वर सरकवून पुन्हा वाचलं, तर नागरिकत्वाच्या चौकटीत "यूएसए" वर खूण. त्या मुलाने सवयीने केली असणार, दिवसभरात शंभरातले नव्व्याण्णव तेच सांगतात. ग्रीन कार्डवाल्या माणसाने सरकारी फॉर्मवर आपण अमेरिकन नागरिक असल्याचं लिहून सही करणं ही इमिग्रेशन कायद्यात जवळजवळ न पुसणारी गोष्ट आहे. ती खूण काढून तिथे "भारत" आलं आणि ग्रीन कार्डावरचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) क्रमांक भरला गेला.

आमच्या कचेरीत मी हे प्रकरण नव्या मुलांना सांगतो तेव्हा व्हिसाची मनाई आणि नदी यांवर फार वेळ घालवत नाही. ते कुणालाही शोधून सापडतं. मी या खुणेपाशी थांबतो. चार वर्षं प्रत्येक पाऊल विचारून टाकलेला माणूस, वकिलाची फी भरलेला, आणि सगळं एका पोराच्या क्लिकवर आलेलं.

फॉर्मवर आणखी एक प्रश्न आहे, गांजा व इतर अमली पदार्थांचा. त्याखाली ठळक सूचना आहे की राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याने तो बेकायदाच. न्यू जर्सीत २०२२ पासून गांजाची दुकानं उघडी आहेत, आणि घेणारे पुष्कळ जण हा प्रश्न न वाचता "नाही" करतात. याच्या बाबतीत तो मुद्दा नव्हता.

पार्श्वभूमी तपासणी त्याच दिवशी पूर्ण झाली. बंदूक कुलूपबंद पेटीत, गाडीच्या डिकीत, घरी.

निष्पन्न

शॉटगन आता तळघरात, भिंतीला बोल्ट केलेल्या पोलादी कपाटात आहे. काडतुसं वेगळ्या कुलपात. न्यू जर्सीत हरणाच्या शिकारीला रायफल चालत नाही, शॉटगन चालते, त्यामुळे निदान बंदूक निवडताना सासऱ्यांचा अंदाज बरोबर निघाला. घरी आली त्याच आठवड्यात दसरा होता. कोकणातून आईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं म्हणून त्याने खंडेनवमीला कपाटाच्या दारावर झेंडूचं फूल ठेवलं. कपाट उघडलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

२०१९ मध्ये नकार कळवताना मुलीने वडिलांना वकिलाच्या फोनवर घ्यायला हवं होतं. दीड वर्षाचा अबोला त्या दहा मिनिटांत वाचला असता. हे ती स्वतःच म्हणते.

संदर्भ म्हणून नाव देताना त्या माणसाला आधी सांगावं, मंडळातल्या काकांना तर नक्कीच. पत्ता बदलल्यावर नवं लायसन्स त्याच आठवड्यात मागवावं. बंदुकीचे फोटो, विशेषतः छाप आणि क्रमांकाची जागा, दोन्ही दुकानदारांना पहिल्याच फोननंतर पाठवावेत. नंबरचा घोळ मग काउंटरवर निघत नाही.

एका गोष्टीवर माझं आणि वकिलाचं एकमत नाही. त्याच्या मते ग्रीन कार्डानंतरही नागरिकत्वापर्यंत थांबायला हवं होतं, कारण बंदुकीच्या बाबतीत कायम रहिवाशाची छोटी चूकही महाग पडते. मला ते पटत नाही. सासरे तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते, आणि भेट द्यायला देणारा हयात लागतो.

सासऱ्यांकडे एक रिव्हॉल्व्हरही आहे. तेही त्यांना द्यायचं होतं. रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याच्या राज्यातल्या विक्रेत्याकडेच यावं लागतं, आणि न्यू जर्सीत त्यासाठी दर नगाला वेगळा परमिट लागतो. मुलीने साफ नाही सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. वकिलाला बोलावून ते मृत्युपत्रात लिहून टाकलं.